तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं चालतंय, मग सर्व्हर तपासताना वाकडी हेडर्स (रिक्वेस्ट आणि उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) कशाला पाठवता?

टीममध्ये नवीन कोणी आलं की हा प्रश्न ठरलेला. मॅनेजरही विचारतात, फक्त जरा गोड शब्दांत.

उत्तर म्हणून मी 'सातबारा' नावाची पीडीएफ पुढे करते. नोडच्या (म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) सर्व्हरवर, डाउनलोडचं नाव सांगणाऱ्या कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये फाइलचं नाव हातानेच चिकटवलं, तर इंग्रजी नाव बिनबोभाट जातं. डोक्यावर तिरकी रेघ असलेली फ्रेंच अक्षरंही सुटतात, कारण हेडरच्या व्हॅल्यूत नोड 255 पर्यंतच्या युनिकोड क्रमांकाची अक्षरं चालवून घेतो. आपला 'स' बसलाय 2360 वर. तिथेच नोड टाइप एरर फेकतो. ''युनिकोड तपासलंय'' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी बऱ्याचदा फ्रेंच नावच टाकून पाहिलेलं असतं!

पण खरा घोळ त्यानंतर होतो. ती ओळ असिंक हँडलरमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या, मध्ये वाट पाहू शकणाऱ्या फंक्शनमध्ये) असेल, तर नोडवरचं वेब फ्रेमवर्क एक्सप्रेस 4 ती एरर पकडत नाही, आणि 2020 मध्ये आलेल्या नोड 15 पासून असं न पकडलेलं रिजेक्शन (असिंक कामातली एरर) अख्खी प्रोसेस पाडतं. एकाने सातबारा मागितला आणि बाकी सगळ्यांच्या रिक्वेस्ट मेल्या. एक्सप्रेस 5 ती एरर स्वतःहून एरर हँडलरकडे देतं, पण जुने प्रोजेक्ट कोण हलवतंय? म्हणून 500 ('सर्व्हरमध्ये एरर' हा कोड) आला की माझी टेस्ट संपत नाही. त्याच सर्व्हरला लगेच दुसरी साधी रिक्वेस्ट जाते, तिला 200, म्हणजे 'ठीक', मिळालाच पाहिजे. शिवाय 500 च्या बॉडीत स्टॅक ट्रेस (एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आली त्याची यादी) दिसता कामा नये.

दुरुस्ती सोपी आहे. आरएफसी 8187 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) प्रमाणे नाव यूटीएफ-8 मध्ये, टक्क्याची चिन्हं लावून पाठवायचं; 'सातबारा'ची 63 अक्षरं होतात, होऊ देत. एक्सप्रेसचं अटॅचमेंट फंक्शन हे आपलं आपण करतं.

येणाऱ्या हेडर्सची टेस्ट मात्र फसवी असते. वाकडं हेडर नेहमीच्या एचटीटीपी क्लायंटने पाठवायला गेलात, तर बरेचदा क्लायंटच नकार देतो. टेस्ट म्हणते 'एरर आली', हिरवी होते, आणि सर्व्हरपर्यंत एक बाइटही गेलेला नसतो. म्हणून मी सरळ टीसीपी सॉकेट, म्हणजे सर्व्हरशी थेट कच्चं कनेक्शन, उघडून ओळी हाताने लिहिते: होस्ट (कुठली साइट हवी ते सांगणारं हेडर) मुळातच नाही, होस्ट दोनदा, हेडरचं नाव आणि कोलन यांच्यामध्ये स्पेस. आरएफसी 9112 नुसार तिन्हींना 400, म्हणजे 'रिक्वेस्टच चुकीची', हवा. ती स्पेस किरकोळ वाटते, पण पुढचा प्रॉक्सी (रिक्वेस्ट आधी घेऊन पुढे पाठवणारा मध्यस्थ) तिचा एक अर्थ लावतो आणि मागचा सर्व्हर दुसरा, आणि त्या फटीतून एका रिक्वेस्टच्या पोटात दुसरी घुसवता येते.

वेळेचं म्हणाल, तर सॉकेटची टेस्ट डझनभर ओळींत मावते. जास्त वेळ खातो तो 400 द्यायचा की 422 ('रचना ठीक, पण मजकूर चालत नाही') हा वाद, आणि त्यात मला ओढू नका.