व्होल्टेज आणि करंटवरून ओहम आणि वॅट काढताना

व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर. गणित एवढंच आहे. पण दोन्ही आकडे एकाच वेळी, त्याच लोडवर (म्हणजे वीज घेणाऱ्या वस्तूवर), तो चालू असताना घेतलेले हवेत. चुकतं ते बहुतेक वेळा इथेच.

गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब घ्या. पेटलेला असताना तो 1.75 अँपिअर घेतो, म्हणजे 12 ÷ 1.75 = 6.86 ओहम. तोच बल्ब गार असताना मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर लावा, जेमतेम एक ओहमच्या आसपास दिसेल. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार तापली की तिचा रेझिस्टन्स दहा पटींच्या आसपास वाढतो. त्यामुळे गार तारेच्या ओहमवरून काढलेले वॅट भलतेच मोठे येतात. तेवढा करंट वाहतो खरा, पण फक्त स्विच दाबल्याच्या क्षणी. हीटरच्या नायक्रोम तारेचं असं होत नाही, तिचा रेझिस्टन्स तापल्यावरही थोडाच बदलतो. म्हणून 230 व्होल्ट, 1000 वॅटचा हीटर 52.9 ओहमचा धरून पुढे जाता येतं. व्होल्टेज 200 वर उतरलं, तर करंट 200 ÷ 52.9, आणि त्याला पुन्हा 200 ने गुणलं की पॉवर: 200 × 200 ÷ 52.9 = 756 वॅट. व्होल्टेज 13 टक्के पडलं आणि पॉवर 24 टक्के गेली, कारण इथे व्होल्टेजचा वर्ग येतो.

एलईडीचा रेझिस्टर काढताना सप्लायचे सगळे 12 व्होल्ट धरू नका. लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात, रेझिस्टरच्या वाट्याला 10 उरतात. 20 मिलिअँपिअर म्हणजे 0.02 अँपिअर, हे आधी बदलून घ्या. मिलि विसरलात तर उत्तर हजार पटींनी चुकतं. 10 ÷ 0.02 = 500 ओहम. बाजारात सहज मिळणारी पुढची किंमत 560, मग करंट 17.9 मिलिअँपिअर आणि रेझिस्टरवर 0.18 वॅट. पाव वॅटचा चालेल, पण चांगलाच तापेल. बंद डबीत बसवायचा असेल तर मी अर्धा वॅटचाच घेईन.

मीटर करंटसाठी सिरीजमध्ये (वायर तोडून मधे), व्होल्टेजसाठी पॅरललमध्ये (लोडच्या दोन टोकांवर). करंट मोजून झाला की लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकातून लगेच काढा. तसाच बॅटरीला लावलात तर सरळ शॉर्ट होतो. 0.1 ओहमसारखा छोटा रेझिस्टर ओहम रेंजवर मोजूच नका, प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त भरतो. त्यातून 1 अँपिअर सोडा आणि व्होल्टेज थेट त्याच्या पायांवर घ्या. 0.1 व्होल्ट दिसले की 0.1 ओहम.

एसी मोटरला हा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही. 230 व्होल्टवर 2 अँपिअर म्हणजे 460 व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या वॅटचा वाटा, 0.8 असेल तर खरे वॅट 368. 230 ला 2 ने भागून येणारे 115 ओहम हा इम्पीडन्स आहे, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा, नुसत्या तारेचा रेझिस्टन्स नव्हे. बंद मोटरची वाइंडिंग (आतली गुंडाळलेली तार) ओहम रेंजवर यापेक्षा बरीच कमी दाखवणारच, तेवढ्यावरून ती जळाली असं समजून मोटर खोलू नका.