पाल्यास ताप आल्यामुळे

दुपारी भाचीने वहीचं पान माझ्यापुढे सरकवलं. "मामा, चिठ्ठी लिहून दे ना. काल शाळेत गेले नव्हते."

"कारण काय लिहू?"

"ताप."

काल ती दिवसभर पलंगावर पालथी पडून गोष्टीचं पुस्तक वाचत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पेन घेतलं आणि हाताने आपणहून लिहिलं, 'माझ्या पाल्यास...' तिथेच अडलो. पाल्य! शाळेच्या कागदांबाहेर हा शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. 'आमचा पाल्य हल्ली नीट जेवत नाही' असं कोणती आई म्हणते? पोर घरात पोरच असतं, शाळेला दांडी मारली की त्याचं पाल्य होतं.

"पण तू माझी पाल्य कुठून?"

"सही आईचीच लागते. तू फक्त अक्षर चांगलं काढ."

आमच्या वेळीही चिठ्ठीतली कारणं ठरलेली असत. ताप, पोटदुखी, आणि सगळ्यांत भारदस्त म्हणजे 'घरगुती कारणामुळे'. त्यापुढे कुणाची काही विचारायची टाप नसे. 'आज शाळा नकोशी झाली' असं मात्र कुणीच लिहिलं नाही. वर्षभरात तेवढंच कारण सर्वांत जास्त वेळा खरं असायचं.

कॉलेजात तर 75 टक्क्यांच्या अटीपायी आमच्यातले काही जण चांगले आवाजाचे कलावंत झाले. एक मित्र पाच जणांची हजेरी पाच गळ्यांतून द्यायचा. एकदा एकाच नंबरला तीन कोपऱ्यांतून तीन 'येस सर' आले. सरांनी मान वर न करता म्हटलं, "एक पुरे." जाणत्या मुलांना बाकावर बसवून ठेवायला टक्के मोजावे लागत असतील, तर आधी त्या तासाला काय शिकवतात ते बघावं, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

भाचीला खूश करायला मी माझं ज्ञान पाजळलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1852 साली शाळेच्या सक्तीचा कायदा झाला, तेव्हा 8 ते 14 वर्षांच्या मुलांनी वर्षाला फक्त 12 आठवडे शाळेत यायचं होतं. त्यातले 6 सलग. आणि नाही आलं तर दंड पालकाला.

"भारीच! मग उरलेले 40 आठवडे?"

"काम करायची पोरं. शेतात, गिरणीत."

ती "मला चालेल" म्हणून मोकळी झाली. माझीच चिठ्ठी मात्र अर्धी राहिली, कारण मला 23 नंबर आठवला.

पाचवीत माझा नंबर 24. बाईंचा कॅटलॉग लांबलचक, कडा कुरतडलेला, रविवारचे रकाने लाल शाईने भरलेले. 21, हजर. 22, हजर. 23... आणि मग काही नाही. ती शांतता बरोबर माझ्या आधी यायची. मी 'हजर'साठी तोंड उघडून बसलेला असायचो. बाई दाराकडे बघायच्या, रकान्यात 'गै' लिहायच्या, मग मला पुकारायच्या. असं महिनाभर तरी चाललं असेल.

तो कुठे आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शाळेमागे बांधकाम चालू होतं, तिथे तो बापाबरोबर घमेली उचलायचा. मधल्या सुट्टीत कुंपणाशी गेलो की हात हलवायचा. दुसरा हात डोक्यावरच्या घमेल्याला. आम्हाला त्याचा हेवा वाटायचा, कारण त्याला गृहपाठ नव्हता. बाई दोनदा त्याच्या घरी जाऊन आल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

मग एका सकाळी बाईंनी पट्टी लावून त्याच्या नावावर लाल रेघ मारली. पहिल्या बाकावरून मला स्पष्ट दिसली. दुसऱ्या दिवशी 22 नंतर त्या थेट 24 म्हणाल्या. मी मधल्या शांततेची वाट बघत होतो, त्यामुळे ओ द्यायचं राहूनच गेलं. बाईंनी माझ्या रकान्यात 'गै' लिहिलं.