हद्दीचा विनोद

"हे आमच्या हद्दीत येत नाही." पडद्यावरच्या हवालदारानं असं म्हणताच आज थिएटरात हशा पिकला. कायद्याला मात्र हे उत्तर मान्य नाही.

गुन्हा दखलपात्र (म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात असा) असेल तर हद्द कुठलीही असो, ठाण्याला तक्रार नोंदवावीच लागते. तिला शून्य क्रमांक देतात (म्हणून झिरो एफआयआर) आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवतात. १ जुलै २०२४ पासून तर हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आलंय.

खरी गडबड वेगळीच असते. हातात कागद पडतो, माणूस समाधानानं घरी जातो, आणि तो कागद निघतो एनसी! म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासच नाही. म्हणून सही करण्याआधी मजकूर नीट वाचायचा, कलमं कोणती लावलीत ते तिथंच विचारायचं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय हलायचं नाही.

नोंदवायलाच नकार दिला तर तक्रार लेखी, पोस्टानं, पोलीस अधीक्षकांकडे. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

सिनेमात या जागी नायक टेबल उलथवतो. पोस्टाची पावती जपून ठेवणारा नायक कुणी का दाखवत नाही?