जिनिंगच्या लेथवर आरएक्स

यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० ची रेसची गाडी करतोय म्हटलं की आमच्या हिंगणघाट तालुक्यात पहिला प्रश्न एकच, "किती पयते?" मग सल्ले सुरू. पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली धूर-मिश्रणाची भोकं) मोठे कर, हेड घास, सायलेन्सरमधली नळी काढून टाक. ब्रेकचं नाव आजवर एकानंही काढलेलं नाही. त्यांचा दोष नाही म्हणा. आमच्याकडे रस्ते सरळसोट. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबराला लाटा येतात, खड्डे पडतात. वळण मात्र औषधालाही सापडत नाही. वळणाआधी गाडी दाबून धरावी लागते हे कोणाला कळावं तरी कसं?

माझी गाडी एका निवृत्त ग्रामसेवकाच्या गोठ्यातली. पासिंग संपलेलं, मडगार्ड सडलेलं, सीटमध्ये उंदरांचा संसार. मला अशीच हवी होती. कागदपत्रांसकट धडधाकट, ओरिजिनल आरएक्स कापायला माझा जीव होत नाही, आणि आजच्या भावात परवडतही नाही. ट्रॅकवर आरटीओ येत नाही, त्यामुळे पासिंग नसलेली गाडी तिथं चालून जाते. (सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणून नोंद व्हायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. आरएक्स निघाली १९८५ ते १९९६. म्हणजे आमची म्हातारी सरकारदरबारी अजून तरणीच.)

इंजिनाला मी फार हात लावला नाही. ५० चा बोअर, ५० चा स्ट्रोक, ९८ सीसी, कंपनीनं दिलेली ताकद ११ बीएचपी. पुढच्या मापाचा पिस्टन घालून बोअर केला, क्रँकचे बेअरिंग आणि ऑइल सील नवे टाकले. एक्झॉस्टचा पोर्ट वर उचलला की ताकद वाढते हे खरं, पण ती वरच्या आरपीएमला सरकते आणि खालचा दम जातो. आरएक्सला गिअर चारच, दोन गिअरमधलं अंतर मोठं. वरचा टाकला की आरपीएम नेमके त्या ताकदीच्या पट्ट्याखाली कोसळतात आणि गाडी भरकन पळायच्या ऐवजी ढेकर देत बसते. गावात 'पोर्टिंग केलेल्या' ज्या आरएक्स फिरतात, त्यातल्या निम्म्यांचं हेच दुखणं.

सायलेन्सर मात्र नवा केला. आमच्याकडे धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करणारा एक कारागीर आहे. त्याला कागदावर शंकू कापून दिले, त्यानं एक मिलिमीटरच्या पत्र्यात ते वळून गॅसनं जोडले. टू-स्ट्रोकचा हा पोटाळ पाइप म्हणजे नुसता धूर जायची वाट नव्हे. विहिरीत हाक मारली की ती परत येते, तशी दाबाची लाट पाइपच्या मागच्या शंकूवर आपटून उलटी फिरते आणि पोर्टमधून बाहेर सांडलेलं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेननं हे शास्त्र रेसिंगमध्ये पक्कं केलं. १९६१ मध्ये त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ बीएचपी देत होतं. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या रेसमधून पसार झाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या गाडीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. कोठीवाल्या भाऊंना मी ही हकिगत रंगवून सांगितली. त्यांनी वेल्डिंगचा चष्मा वर केला अन् विचारलं, "मंग त्या काडेनले काय भेटलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ब्रेक. माझा वेळ सगळ्यात जास्त गेला तो इथंच. आरएक्सला पुढे-मागे दोन्ही ड्रम ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबून थांबवणारे. आमच्या मिस्त्रीकाकांचं आयुष्य जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्राचे, रोलर करण्यात गेलं. चामड्याच्या चकत्या दाबून केलेला रोलर लेथवर गोल करायचा, त्याला खाचा पाडायच्या. त्यांच्या लेथचं तोंड मोठं. हे महत्त्वाचं, कारण ड्रम नुसता सुटा फिरवून भागत नाही. स्पोक ताणले की ड्रमचा गोल किंचित बिघडतो, म्हणून अख्खं चाक, रिमसकट, फिरवूनच ड्रम घासायचा. अठरा इंची रिम साध्या लेथवर बसतच नाही.

ड्रम झाल्यावर काकांनी नव्या लायनरला (शूवरच्या घासणाऱ्या पट्टीला) शाळेचा खडू फासला, शू आत बसवले, ब्रेक हलका दाबून चाक हातानं फिरवलं आणि उघडून माझ्यापुढे धरलं. मधली चार बोटं जागा काळी, दोन्ही टोकं पांढरीफेक. "हे पाय, फक्त मधातच लागून राह्यलं. बाकीचा शू कायले लावला मंग?" मग शू फाकवणाऱ्या कॅमजवळ पातळ पत्री घालून शू जरासे उघडे ठेवले, शू ज्यावर बसतात ती ब्रेक प्लेट लेथवर चढवली आणि लायनर ड्रमच्या मापाला अगदी केसभर कमी असा उतरवला. पुन्हा खडू, पुन्हा फिरवणं. शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत खडू एकसारखा पुसला गेला. हँडलवर दोन बोटांत फरक कळतो. (जुना लायनर काढताना धूळ तोंडानं फुंकू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.)

बाकीची कामं किरकोळ पण चुकवता न येणारी. दिवे, आरसे, स्टँड काढायचे. गिअर ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून स्टीलच्या तारेनं तो बांधायचा, म्हणजे ट्रॅकवर तेल सांडून मागचे आडवे होणार नाहीत. ऑइल पंप काढला. आता तेल पेट्रोलमध्येच, लिटरला ४० मिली, ढोरांच्या डॉक्टरकडे मिळते त्या मोठ्या सिरिंजनं मोजून.

जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची जेट निवडणं, मात्र डोकं खातं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. वीस अंशांच्या सकाळपेक्षा त्या हवेत दम सुमारे आठ टक्के कमी, म्हणजे उन्हात बरोबर वाटलेली जेट थंडीत लहान पडते, मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरतो. त्यात पंपावरचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, तेही मिश्रण पातळच करतं. म्हणून मी थोडी मोठी जेट ठेवतो. प्लग काळपट निघाला तरी चालेल, पांढरा नको.

सराव जिनिंगच्या आवारात. हंगामात तिथं काडीपेटीसुद्धा नेऊ देत नाहीत, मग ठिणग्या उडवणारी टू-स्ट्रोक कोण येऊ देतो! पण कापूस उठला की तेवढं मोठं सपाट पटांगण दुसरं नाही. विटा मांडायच्या आणि आठचा आकडा काढत बसायचं. हमरस्त्यावर रेस लावणारी पोरं मला बोलावतात, मी जात नाही. समोरून तुरीचं पोतं घेऊन येणाऱ्या माणसानं आपल्या हौसेचा हिशेब का चुकवावा?

गाडी टाकी रिकामी करून, तरटात शिवून नागपूरहून रेल्वेच्या पार्सलनं दक्षिणेत पाठवली. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, दोन किलोमीटरच्या वर थोडा. स्पर्धेत उतरायला मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन लागतं, मी सध्या सरावाच्या दिवसांवरच आहे. सरळ पट्ट्यात नव्या गाड्या मला खेळण्यासारख्या मागे टाकतात. वळणाच्या तोंडाशी मात्र एकदोघं पुन्हा हाताशी येतात, कारण माझी गाडी शंभर किलोच्या आसपास आणि ब्रेक काकांचा. चारपाच फेऱ्यांनी ड्रम तापतो, लिव्हर हँडलकडे सरकायला लागतो. म्हणून आता पुढच्या प्लेटला हवेची भोकं पाडायची, वर बारीक जाळी बसवायची.

पण भोकं पाडायला ओरिजिनल प्लेटवर ड्रिल चालवायला काका तयार नाहीत. तेव्हा वर्धा-यवतमाळ भागात कोणाच्या गोठ्यात, माळ्यावर आरएक्सची पुढची ब्रेक प्लेट पडली असेल, भले घासलेली का असेना, खाली लिहा. भंगाराच्या भावापेक्षा जास्त देईन.