थवा उडतानाचा फोटो माझ्याकडे का नाही

"दर हिवाळ्यात अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर जाता, मग तुमच्या फोटोत पक्षी नुसते उभे का? उडणारा थवा एकही कसा नाही?" लग्नात विचारतात. परवा दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं, तेही माझ्या तोंडात हत्यारं असताना. 'लेन्स लहान आहे' म्हणून मी वेळ मारून नेते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

लेन्स लहान आहेच. पण ते कारण नाही.

अलिबागच्या बाजूला अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती भर दुपारी असते. पहाटेच्या ओहोटीला चिखल्या, तुतवार, कुरव ओल्या वाळूवर पांगून चरतात. पाणी चढलं की सगळे सुरूच्या बनाखालच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने उभे राहतात, वाऱ्याकडे तोंड करून, बरेचसे एका पायावर. पाणी उतरेपर्यंत खाणं नाही. कुणाला पुढे सायबेरिया गाठायचा असतो, कुणाला तिबेटचं पठार. त्यासाठी अंगावर चरबी साठवायची ती इथेच; उगाच उठवलं की ती उडण्यातच खर्च होते.

हे मला दादांनी, पक्षी बघण्यातल्या माझ्या गुरूंनी, शिकवलं. पहिल्याच वर्षी दंड धरून खाली बसवलं होतं. "जेवत्या माणसाला ताटावरून उठवतेस का कधी?"

आणि मग जानेवारीतली ती दुपार. पट्टीवर दोनेकशे पक्षी, मध्ये चार कालवफोडे, नारिंगी चोची पाठीच्या पिसांत खुपसून. मी थव्यात ग्रेट नॉट हा क्वचित दिसणारा पक्षी सापडतो का बघत होते. दादा मोठ्या लेन्सवाल्यांचा गट घेऊन आले. बरोबर कुणाचा तरी आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. दादा त्याला म्हणाले, "पळ रे बाळा, सरळ त्यांच्यावर पळ."

थवा उठला. कॅमेरे कडकडले. पक्षी पाण्यावरून वळसा घेऊन परत त्याच पट्टीवर उतरले, जाणार कुठे? "अजून एकदा, उजेड मस्त आहे." मुलगा पुन्हा पळाला. तिसऱ्या खेपेला कालवफोडे परत आलेच नाहीत, रेवदंड्याच्या दिशेने गेले.

मी बोलले. दादा शांतपणे म्हणाले, "कुत्री दिवसभर उठवतात, घोडागाड्या मधून जातात, जाळं टाकणारा पागवाला जातो. त्यांना बोलतेस?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता आहे: पाग टाकणारा त्यांच्या बाजूने जातो, पक्षी चार पावलं सरकतात आणि पुन्हा डोळे मिटतात. पण घोडागाडीचं काय? तिला मी आजवर एक शब्द बोललेले नाही. घोडेवाल्याचं पोट त्यावर आहे, हे मी स्वतःला सांगते. दादांचं पोटही आता त्या गटांवरच आहे, हे मात्र सोयीने विसरते.

शिवाय पंचविशीतली मी मध्येच बोलते: बाई, शिवडीला रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा उठलेला बघूनच तू या नादाला लागलीस ना? तो कुणी उठवला होता, विचारलंस तेव्हा? नाही विचारलं. त्या मुलाचा चेहरा काय फुलला होता! उद्या तो माझ्याहून चांगला पक्षीनिरीक्षक निघाला तर?

दादांचा त्या दिवशीचा फोटो सुरेख आहे, मी फोनमध्ये ठेवलाय. भरतीची वेळ अजूनही त्यांनाच विचारते. किनाऱ्यावर मात्र आम्ही बरोबर जात नाही.