लॅबचा बीम, रस्त्याचा बीम

एम.टेक.चा विषय कागदावर सरळ होता. एकाच डीबीएम मिश्रणाचे (रस्त्याच्या वरच्या थराखाली घालतात ते डांबर-खडीचं मिश्रण) बीम, म्हणजे लांबट ठोकळे, लॅबमध्ये करायचे, तेच मिश्रण घातलेल्या रस्त्यातून दुसरे कापून आणायचे आणि दोन्हींची फटीग टेस्ट करायची, म्हणजे पुन्हापुन्हा वाकवून किती फेऱ्या टिकतात ते पाहायचं. 380 मिमी लांब, 63 रुंद, 50 उंच बीम. 20 अंश तापमान, सेकंदाला 10 वेळा वाकवणं. कडकपणा निम्म्यावर आला की बीम गेला.

खरा घाम काढला तो रस्त्यातून लाद्या काढण्याने. परवानगी, वाहतूक वळवणं, खड्डा त्याच दिवशी बुजवून देणं हे सगळं आलंच, पण विदर्भातल्या मे महिन्यात उन्हं चढल्यावर डांबरी लादी उचलली की ती पोळीसारखी मधून लवते. लवली की आतून तडकते, मग टेस्ट कसली करणार? म्हणून पहाटेच कापायचं, खाली प्लायवूड सरकवायचं आणि टेम्पोत वाळूच्या थरावर आडवी ठेवायची. ड्रायव्हरला वाटेतला प्रत्येक गतिरोधक आधी सांगावा लागे.

लॅबमध्ये मिश्रणातली हवेची पोकळी हवी तेवढी ठेवता येते. रस्त्यावर रोलर देईल तेवढी. म्हणून लॅबचे दोन संच केले: 4 टक्के पोकळीचा आणि 7 टक्क्यांचा. 4 टक्केवाले दणकट निघाले. 7 टक्केवाले रस्त्याच्या बीमच्या आसपास आले, पण रस्त्याच्या बीमचं आपसातच जमेना. एकाच लादीतले शेजारशेजारचे बीमसुद्धा वेगळे वागत.

मशीन दम घेऊ देत नाही. रस्त्यावर दोन ट्रकांमध्ये उसंत असते, उन्हात डांबराच्या बारीक भेगा थोड्याफार भरून येतात, चाकंही दर वेळी त्याच रेषेवरून जात नाहीत. त्यामुळे लॅबच्या फेऱ्यांना गुणक लावल्याशिवाय रस्त्याचं आयुष्य निघत नाही. आयआरसी 37 या डांबरी रस्त्यांच्या डिझाइनच्या भारतीय मार्गदर्शिकेचं समीकरणही प्रत्यक्ष रस्त्यांच्या कामगिरीवरून बसवलेलं आहे. 20 टक्के क्षेत्रात भेगा पडल्या की तिथे रस्ता संपला.

गुणक काढायला रस्त्यातल्या भेगांवरच कोअर (ड्रिलने काढलेले गोल नमुने) घेतले आणि तिथे गाडी अडली. बीम खालून फाटतो. कोअरमध्ये भेग वरून सुरू झालेली, बीसीच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, थरातच थांबलेली. डीबीएमचा तळ शाबूत! भेगाच वेगळ्या, मग रस्त्याच्या आयुष्याला लॅबच्या फेऱ्यांनी कसं भागायचं?

सरांनी कोअर उलटासुलटा करून पाहिला. ‘‘गुणकाचं प्रकरण काढून टाक,’’ म्हणाले, ‘‘मिश्रणांची तुलना राहू दे. आणि या कोअरचे फोटो मोठे छाप.’’