तंबोरा घेऊन कोल्हापूर-मिरज: दोन दिवस खाणं, गाणं आणि जवारी

आत्याचा तंबोरा गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे आणि वर्षभर तो नीट बोलतच नव्हता. लावला की सूर बरोबर यायचे पण ती मागे रेंगाळणारी गुंज गायब, आवाज नुसता टणक. आत्या म्हणाली जवारी गेलीये, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिची गुंज देणारी घडण बिघडलीये, आणि जवारी काढायची तर मिरजेलाच, दुसरीकडे कुठे नाही. मग म्हटलं चला, एक वीकेंड काढू, शनिवारी कोल्हापूर आणि रविवारी मिरज. तंबोरा मागच्या सीटवर दोन उशा आणि एक गोधडी घालून आडवा झोपवला, भोपळ्याला धक्का लागला तर तडा जातो म्हणून आत्या त्याच्या शेजारीच बसली, आणि पहाटे साडेपाचला पुण्याहून निघालो.

कोल्हापुरात पोचल्या पोचल्या मिसळ. इथली मिसळ पावाबरोबर नाही, स्लाइस ब्रेडबरोबर येते आणि कट वेगळा मागून घ्यायचा. झणझणीत असतेच, पण नुसतं तिखट म्हणून जे सांगतात ते मला पटत नाही, कांदा-लसूण मसाल्याचा भाजका वास आधी येतो आणि तिखट मागून. आत्या वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी दोनदा कट मागून खाल्ली.

मग अंबाबाईचं दर्शन. रांग होती पण तासाभरात झालं. किरणोत्सव जानेवारीच्या शेवटी आणि नोव्हेंबरमध्ये असतो, मावळतीची किरणं थेट देवीपर्यंत पोचतात, तो एकदा बघायचाच आहे.

पण मी खरी गेले होते देवल क्लबसाठी. गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ सालची, आणि तिथेच जवळ अल्लादिया खाँसाहेबांचा पुतळा आहे. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गायक म्हणून ठेवून घेतलं आणि त्यांच्या गायकीचं, आज आपण जे जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो ते या गावात रुजलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या, आणि मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्या मुलाकडे, भुर्जीखाँकडे शिकले. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अंतराळात गेली तिच्यात केसरबाईंचा आवाज आहे. मी पुतळ्यासमोर दहा मिनिटं तरी उभी होते, मागून रिक्षा हॉर्न देत होत्या, मला हलवेना.

तिथून केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पूर्ण झालेलं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांची जयंती. आत्याने लहानपणी तिथे संगीत नाटकं पाहिलेली. ती काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली आणि मग माझा हात धरून म्हणाली चल. शेजारीच खासबागचं कुस्ती मैदान, १९१२ चं, मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा, कुठूनही बघा कुस्ती दिसणारच. नाटक आणि कुस्ती भिंतीला भिंत लावून बांधणारा राजा, मला हे फार आवडतं.

संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून दिलेलं धारोष्ण दूध प्यायलो, फेसाळ, अजून कोमट, साखरेची गरजच नाही. मग रंकाळ्यावर फेरी आणि रात्री तांबडा-पांढरा. पांढऱ्या रश्श्यात मटणाचा अर्क, नारळाचं दूध, तीळ, खसखस, आणि तो जेवणाआधी वाटीने नुसता प्यायचा, भाकरी नंतर.

रविवारी सकाळी मिरज, पन्नास किलोमीटर. वाटेत जयसिंगपूरला थांबून भडंगाची मोठी पाकिटं घेतली. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, दारात भोपळे टांगलेले, आत तुणाच्या लाकडाचा वास. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, कडू जातीचे. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं.

कारागीर चाचांनी तारा छेडल्या आणि लगेच म्हणाले, “ताई, घोडीला चरे पडलेत.” तारा वर्षानुवर्षं एकाच जागी घासून घोडीवर खाचा पडतात आणि मग तार मोकळी थरथरत नाही. त्यांनी तारा उतरवल्या, कानस घेतली, चार-पाच वेळा घासलं, परत तार चढवली, कान लावला, परत उतरवली. असं अडीच तास. मोजमाप काहीच नाही, सगळं कानावर. शेवटी तारेखाली सूत सरकवलं, एका जागी थांबले, आणि तो आवाज एकदम उमलला, खर्जाच्या तारेतून गंधार स्वतःहून ऐकू यायला लागला. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

चाचा म्हणाले, आलाच आहात तर दर्ग्यात जाऊन या. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर ते गेले, आणि मिरजेत आणून त्यांना इथे दफन केलं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, मोठमोठे गायक चिंचेच्या झाडाखाली बसून हजेरी लावतात. आत्याने कबरीवर फुलं वाहिली आणि अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल असा, एक षड्ज लावला.

रात्री साडेदहाला घरी पोचलो. पिशव्या तशाच ठेवल्या आणि आधी गवसणी काढली. प्रवासात खर्ज जरा उतरला होता, तेवढा लावून घेतला.